तोक्यो कुठल्या दिशेला? तोरा-सानच्या वाटेने चार दिवस

‘ओतोको वा त्सुराई यो’ म्हणजे साधारण ‘पुरुषाचा जन्म फार कठीण’. या नावाच्या जपानी मालिकेतला पहिला चित्रपट २७ ऑगस्ट १९६९ रोजी लागला आणि १९९५ पर्यंत ४८ चित्रपट झाले. दोन सोडून सगळ्यांचे दिग्दर्शक योजी यामादा, आणि नायक सगळ्यांत एकच: कियोशी आत्सुमीने उभा केलेला कुरुमा तोराजिरो, म्हणजे तोरा-सान. ‘तोरा’ म्हणजे वाघ. हा वाघ जत्रेजत्रेतून फिरून बडबडीच्या जोरावर किरकोळ माल विकतो. अंगात चौकड्यांचा कोट, पोटाला लोकरी पट्टा, डोक्यावर हॅट आणि हातात एक जुनी पेटी. आपल्याकडे माघी-कार्तिकीला रस्त्याकडेला चादर पसरून बसणारा, लोकांना हसवत हसवत कंगवे खपवणारा विक्रेता आठवा, माणूस लगेच ओळखीचा वाटेल.

गोष्टीचा सांगाडा दर वेळी तोच. तोरा भटकंतीवरून तोक्योच्या पूर्व टोकाला, शिबामातातल्या घरी परततो. तिथे काका-काकूंचं दांगोचं, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या उंड्यांचं, दुकान आहे आणि सावत्र बहीण साकुरा आहे. आल्या आल्या भांडण होतं. मग तो एका स्त्रीच्या प्रेमात पडतो, तिच्यासाठी जिवाचं रान करतो, आणि बोलायची वेळ आली की पेटी उचलून चालता होतो. या नायिकांना जपानी प्रेक्षक ‘मादोन्ना’ म्हणतात. म्हणजे प्रत्येक चित्रपटाचा अर्धा भाग घरचा आणि अर्धा वाटेवरचा. नुसतं शिबामाता बघून परतणाऱ्याला म्हणून अर्धाच चित्रपट दिसतो.

ही चार दिवसांची आखणी १७ व्या चित्रपटाभोवती आहे. ‘तोराजिरो युयाके कोयाके’ हा २४ जुलै १९७६ चा. त्याची वाट शिबामाता, मग तोक्योतल्याच कांदा नावाच्या भागातली जुन्या पुस्तकांची दुकानं, मग ह्योगो प्रांतातलं तात्सुनो हे छोटं गाव. ४८ मध्ये हाच सर्वांत चांगला, असं आमचं ठाम मत आहे आणि त्याचं कारण चौथ्या दिवशी येईल. मध्ये एक दिवस ओकायामा प्रांतातल्या बित्च्यू-ताकाहाशीसाठी ठेवला आहे, कारण साकुराच्या नवऱ्याचं, हिरोशीचं, ते गाव आणि मालिकेतले दोन उत्तम प्रसंग तिथले आहेत.

आधी वार ठरवावे, तिकिटं मागाहून. शिबामातातलं तोरा-सान संग्रहालय महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी बंद असतं. कांदातली बरीच पुस्तकांची दुकानं रविवारी उघडत नाहीत. तात्सुनोचं सोया सॉस संग्रहालय सोमवारी बंद. शिबामाताची होडी डिसेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत मुख्यतः शनिवार-रविवारी आणि सुटीलाच चालते. हे सगळं जुळवायचं तर मार्चअखेर ते नोव्हेंबर या काळात बुधवारी किंवा गुरुवारी निघावं. ऑगस्टच्या मध्यातला ओबोन हा पितरांचा सण आणि नववर्षाचा आठवडा मात्र टाळावा. हे चित्रपट याच दोन मोसमांत लागायचे, कारण तेव्हा अख्खा जपान गावी जातो. आजही जातो, आणि गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते.

परदेशी प्रवाशांसाठीचा सात दिवसांचा जेआर रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये ५०,००० येनला झाला. या प्रवासासाठी तो परवडत नाही. तोक्यो ते ओकायामा शिंकानसेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, एका बाजूचं तिकीट सतरा हजार येनच्या आसपास पडतं, म्हणजे जाऊन-येऊन आणि मधल्या छोट्या गाड्या धरूनही बेरीज पासच्या खालीच राहते. प्रवासाला निघण्यापूर्वी हा सतरावा चित्रपट एकदा इंग्रजी उपशीर्षकांसह बघावा. पावणेदोन तासांच्या आसपासचा आहे.

पहिला दिवस: शिबामाता

नारिता विमानतळावरून थेट येत असाल तर स्कायलाइनर घेऊ नका. ती वेगवान आहे, पण केइसेइ-ताकासागोला थांबत नाही. त्याच मार्गावरची ‘अॅक्सेस एक्स्प्रेस’ थांबते. उएनोकडून येणाऱ्यांनी केइसेइ मुख्य मार्गाने ताकासागोला उतरावं. तिथून कानामाची मार्गावर पुढचंच स्टेशन शिबामाता, अंतर एक किलोमीटर. ताकासागोला गोंधळ हमखास होतो, कारण कानामाची मार्गाचा फलाट वेगळा, वरच्या पातळीवर आहे आणि मध्ये तिकिटाचं फाटक लागतं. अनेकांना वाटतं आपण चुकून स्टेशनाबाहेर पडतोय, आणि ते मागे फिरतात. सरळ कार्ड टेकवून पुढे जावं.

हा अडीच किलोमीटरचा मार्ग तोरा-सानच्याही आधीपासून देवदर्शनासाठीच आहे. १८९९ मध्ये त्यातला कानामाची ते शिबामाता हा भाग सुरू झाला तेव्हा रुळांवरचे छोटे डबे माणसं ढकलत नेत. एका डब्यात सहा उतारू बसायचे. संग्रहालयात त्याचा देखावा आहे.

स्टेशनाबाहेर दोन पुतळे आहेत. पेटी घेऊन निघालेला, मान वळवून मागे बघणारा तोरा १९९९ चा. काही पावलांवर त्याला निरोप द्यायला आलेली साकुरा आहे. ती २०१७ मध्ये आली. अठरा वर्षं तो एकटाच मागे बघत उभा होता. फोटो काढताना दोघं एका चौकटीत येतील असं साकुराच्या पाठीमागे उभं राहावं. समोरून काढला तर तो कुणाकडे बघतोय हेच हरवतं.

देवळाकडे जाणारा रस्ता जेमतेम दोनशे मीटरचा. दोन्ही बाजूंना दांगो, भाताच्या कुरकुरीत सेन्बेई, लोणची आणि चघळायच्या गोड गोळ्यांची दुकानं. गोळ्यांच्या दुकानात लांब काडी सुरीने तालात कापतात, तिचा टकटक आवाज रस्ताभर येतो. जपानच्या पर्यावरण खात्याने १९९६ मध्ये जपण्याजोग्या शंभर आवाजांची यादी केली, तिच्यात हा परिसर आणि इथली होडी आहे. २०१८ मध्ये हा भाग राष्ट्रीय महत्त्वाचा सांस्कृतिक भूप्रदेश ठरला, तोक्योतला पहिलाच.

आता चित्रपटातलं घर. बहुतेक जण ते या रस्त्यावर शोधतात आणि ते सापडत नाही. पहिल्या चार चित्रपटांत इथल्या एका खऱ्या दुकानाचा वापर झाला. त्या दुकानाने पुढे चित्रपटातलंच ‘तोराया’ हे नाव घेतलं, म्हणून ४० व्या चित्रपटापासून पडद्यावरच्या दुकानाचं नाव बदलून ‘कुरुमाया’ केलं गेलं. आतली दृश्यं ओफुनाच्या स्टुडिओतल्या सेटवर व्हायची. तो सेट आज संग्रहालयात आहे. तेव्हा रस्त्यावरच्या ‘तोराया’त शिरून माजघर कुठे, असं विचारू नये. पलीकडच्या ‘ताकागिया’त चित्रीकरणाच्या वेळी मंडळी विसाव्याला बसत. तिथे एका टेबलावर ‘राखीव’ अशी पाटी असते. ती जागा तोरा-सानची आहे. तिथे बसत नाहीत.

कुसा-दांगो इथेच खावा. तांदळाचं पीठ गरम पाण्यात मळून वाफवतात, मग कुटतात, त्यात उकडलेला कोवळा योमोगी घालतात. योमोगी ही दवण्याच्या कुळातली रानभाजी. हिरवा रंग आणि किंचित कडसर वास तिचाच. वर अझुकी या लाल कडधान्याचं गोड पुरण असतं. शाकाहारी माणसाने निश्चिंत खावं असं हे जपानमधलं दुर्मीळ खाणं आहे. डबा बांधून हॉटेलवर नेण्याचा मोह मात्र आवरावा. उकडीच्या मोदकाची पारी दुसऱ्या दिवशी वातड होते, तसंच याचं होतं. तांदळातला स्टार्च गार होताना पुन्हा घट्ट बांधला जातो, आणि फ्रिजच्या थंडीत ते सर्वांत लवकर होतं. फ्रिजमध्ये ठेवलेला दांगो सकाळी खडूसारखा लागतो. नेलाच तर बाहेरच ठेवून त्याच रात्री संपवावा.

रस्त्याच्या शेवटी १८९६ मध्ये बांधलेलं दुमजली दार आणि आत ताइशाकुतेन. देवळाचं अधिकृत नाव दाइक्योजी, बौद्धांच्या निचिरेन पंथाचं, १६२९ चं. पण ताइशाकुतेन म्हणजे कोण? इंद्र. शक्र देवानामिंद्र चीनमार्गे जपानला पोचला तो या नावाने. बाळपणी याच देवळातल्या पाण्याने आपल्याला न्हाऊ घातलं, असं तोरा प्रत्येक ओळखीच्या भाषणात सांगतो. इंद्राच्या अंगणातला वाघ, असं मराठीत म्हणता येईल. देवळाची हरवलेली पवित्र फळी १७७९ मध्ये कोशिनच्या दिवशी सापडली, म्हणून साठ दिवसांनी येणाऱ्या कोशिनला इथे मोठी गर्दी असते. पहिल्या चित्रपटात वीस वर्षांनी घरी येणारा तोरा याच उत्सवाच्या गर्दीत शिरतो.

मुख्य देवळात दर्शन फुकट आहे. मागची लाकडी शिल्पं आणि बाग यांचं एकत्र तिकीट ४०० येन असे. ते चुकवू नये. झेल्कोवा झाडाच्या जाड फळ्यांवर सद्धर्मपुंडरीक या बौद्ध सूत्रातल्या दहा कथा कोरल्या आहेत, प्रत्येक फळी वेगळ्या कारागिराची. मिळवलेलं लाकूड १९२३ च्या भूकंपाच्या आगीत जळालं, पुन्हा मिळवावं लागलं. जळत्या घरात खेळणाऱ्या मुलांना बाप तीन गाड्यांचं आमिष दाखवून बाहेर काढतो, ती कथा ओळखू येईल. गाड्यांना बकरा, हरीण आणि बैल आहेत. पायातले जोडे काढावे लागतात आणि लाकडी वाट हिवाळ्यात बर्फासारखी लागते, जाड मोजे हवेत. दुपारी चारला बंद करतात, म्हणून हे सकाळीच उरकावं.

देवळामागून नदीच्या दिशेने पाच-सात मिनिटांवर यामामोतो-तेई हे १९२० च्या दशकातलं घर. मग तोरा-सान संग्रहालय, जे १९९७ मध्ये उघडलं. प्रवेश ५०० येन, निघण्यापूर्वी दर तपासावा. ओफुनाहून आणलेलं दुकान आणि माजघर इथे आहे. माजघराच्या उंबऱ्यापाशी दोन मिनिटं थांबा आणि उंची बघा. दुकानाची जमीन खाली, तातामी या गवती चटया गुडघ्याइतक्या वर. गिऱ्हाईक खाली उभं, घरचे वर जेवायला बसलेले, आणि परतलेला तोरा त्या दोघांच्या मधल्या कडेवर एक पाय दुमडून टेकतो. ना धड घरात, ना धड बाहेर. पुढची सगळी भांडणं त्या कडेवरच होतात. पलीकडे शेजारच्या छापखान्याचा सेट आहे. बाजूच्या दालनात यामादांच्या कामावरचं वेगळं प्रदर्शन आहे, त्याला अर्धा तास पुरतो.

संग्रहालयाच्या वरून एदोगावा नदीचा बांध दिसतो. चित्रपट सुरू होताना तोरा घरी येतो तो याच बांधावरून. खाली ‘यागिरी नो वाताशी’ ही एदो काळापासूनची होडी. नावाडी मागे उभा राहून एकाच लांब वल्ह्याने ती चालवतो, मोटर नाही. भाडं २०० येन, सुटं ठेवावं. ठरीव वेळापत्रक नाही, उतारू आले की सुटते, आणि वारा-पावसात बंद. पाणी शांत दिसलं तरी वारा असला तर बंद राहते, कारण हलकी होडी वाऱ्याने भरकटते आणि वल्ह्याने सावरत नाही. तीनच्या आत धरावी. पलीकडे चिबा प्रांतातली शेतं आहेत, यागिरीचा जाड पातीचा कांदा तिथला. पलीकडे उतरून लगेच परतायचं असलं तर नावाड्याला आधी सांगावं.

कावाजिन हे उपाहारगृह शोधू नये. पहिल्या चित्रपटातलं साकुराच्या लग्नाचं जेवण तिथलं, पण ते जानेवारी २०२१ मध्ये बंद झालं.

दुसरा दिवस: कांदा-जिंबोचो आणि पश्चिमेची गाडी

चित्रपटात तोरा एका गबाळ्या म्हाताऱ्याला दारूच्या दुकानातून घरी आणतो. म्हातारा घराला लॉज समजून राहतो, हुकूम सोडतो. खरा प्रकार कळल्यावर ओशाळून एका कागदावर चार फटकाऱ्यांत चित्र काढतो आणि तोराला कांदातल्या एका दुकानात न्यायला सांगतो. दुकानदार आधी तुच्छतेने बघतो, मग सही बघतो, आणि तोरा सत्तर हजार येन घेऊन घरी येतो. म्हातारा म्हणजे देशातला नामवंत चित्रकार इकेनोउची सेइकान. भूमिका जुकिची उनोंची.

जिंबोचोला तीन भुयारी मार्ग येतात: हान्झोमोन, मिता आणि शिंजुकू. दुकानं दहा-अकराच्या सुमारास उघडतात, आठला पोचून उपयोग नाही. यासुकुनी रस्त्याच्या एकाच बाजूला, दक्षिणेला, दुकानांची रांग आहे, तोंडं उत्तरेकडे. उन्हाने पुस्तकांचे पुठ्ठे विटतात म्हणून ही सोय. सिनेमा-नाटकाचा जुना माल ‘यागुची शोतेन’मध्ये मिळतो. कोपऱ्यावरची इमारत, बाहेरच्या भिंतीवरही कपाटं. तिथे या मालिकेच्या छापील पुस्तिका बघाव्यात. जपानमध्ये प्रत्येक चित्रपटासोबत थिएटरात अशी पुस्तिका विकतात. नावाने मागू नका, सगळ्याच नावांत ‘तोराजिरो’ असतं. क्रमांकाने मागा: सतरावा, म्हणजे ‘दाइ जूनाना-साकू’. पोस्टर घेतलंत तर नळी मागून घ्या. घडी घातलेलं पोस्टर घडीवर फाटतं आणि तिथला रंग उडतो.

दुपारी हान्झोमोन मार्गाने एकच स्टेशन, ओतेमाची. तिथून भुयारातून चालत तोक्यो स्टेशन. नकाशावर जवळ वाटतं, सामानासह पंधरा-वीस मिनिटं धरा. सामानाचं मोजमाप घरीच करा: लांबी, रुंदी आणि उंचीची बेरीज १६० सेंटीमीटरच्या वर गेली तर शिंकानसेनमध्ये डब्यातल्या शेवटच्या रांगेची, सामानाच्या जागेसह सीट आधी आरक्षित करावी लागते. ती फुकट आहे. न केल्यास १,००० येन दंड. आपल्याकडच्या मोठ्या चाकांच्या बॅगा हमखास या मापात येतात.

ओकायामाला ‘नोझोमी’ या वेगवान शिंकानसेनने सव्वातीन तासांच्या आसपास लागतात. सीट ‘ई’ घ्यावी. फुजी उजवीकडे, तोक्योनंतर पाऊण तासाने दिसतो, तोही ढग नसले तर. ओबोन, नववर्ष आणि मेच्या सुट्यांत नोझोमीचे सगळे डबे आरक्षित असतात, विनाआरक्षण बसायला जागा मिळत नाही. मुक्काम ओकायामात.

तिसरा दिवस: बित्च्यू-ताकाहाशी

ओकायामाहून हाकुबी मार्गाने ‘याकुमो’ एक्स्प्रेस पस्तीस-चाळीस मिनिटांत, साधी गाडी तासाभरात. याकुमोत २०२४ पासून सगळ्या जागा आरक्षित आहेत. घाई नाही, साधी गाडीच बरी, कारण नदीकाठ सावकाश बघता येतो.

स्टेशनाजवळच डोंगराच्या पायथ्याशी गडाच्या तटासारख्या उंच दगडी भिंतींवर दोन देवळं उभी आहेत. त्यातलं याकुशी-इन हे २८ डिसेंबर १९८३ च्या ३२ व्या चित्रपटातलं देऊळ. तोरा इथे येतो तो हिरोशीच्या वडिलांच्या थडग्याला नमस्कार करायला. दारूने झिंगलेल्या भटजीच्या जागी त्याला वेळ मारून न्यावी लागते, आणि त्याचं रसाळ प्रवचन गावाला इतकं आवडतं की तो तिथेच राहतो. मग साकुरा आणि हिरोशी वडिलांच्या श्राद्धाला येतात आणि मंत्र म्हणणारा भटजी मान वर करतो. थिएटरात हशा पिकतो तो इथे. पायऱ्या दगडी आणि उंच आहेत, पावसात निसरड्या. वरून खाली बघितलं की रूळ अगदी देवळाच्या पायाशी दिसतात.

भटजीची मुलगी तोमोको, म्हणजे केइको ताकेशिता, या चित्रपटात स्वतः शिबामाताला येते. स्टेशनच्या फलाटावर तोराची बाही धरून त्याला लग्नाबद्दल विचारते. उत्तर द्यायचं सोडून तो हसण्यावारी नेतो. ज्या स्टेशनावर पहिल्या दिवशी उतरलात, तेच हे.

हिरोशीचे वडील ताकाशी शिमुरांनी केले होते. शिमुरा १९८२ मध्ये वारले, म्हणून चित्रपटातलं श्राद्ध नुसतं कथेतलं नाही. १९७१ च्या आठव्या चित्रपटात हेच म्हातारे प्राध्यापक, पत्नी गेल्यानंतर, या गावातल्या घरी तोराला एक आठवण सांगतात. शिन्शूच्या प्रवासात अंधार पडला, एका शेतकऱ्याच्या घरात दिवा, अंगणात रिंदोची निळी फुलं, आत कुटुंब जेवतंय. माणसाचं खरं जगणं हेच, असं वाटून डोळे भरून आले. तोरा ती आठवण शिबामाताला जाऊन जशीच्या तशी सांगतो. संग्रहालयातल्या माजघराची कड डोळ्यांसमोर ठेवून हा प्रसंग बघावा.

तो बघून झाला की इशिबियाचो या सामुराई घरांच्या गल्लीत चालावं: पांढऱ्या मातीच्या भिंती, फाटकं, सुमारे अडीचशे मीटर. डोंगरावरचा बित्च्यू-मात्सुयामा किल्ला मूळ बुरूज शाबूत असलेल्या बारा किल्ल्यांपैकी सर्वांत उंचावर, ४३० मीटरवर आहे. गड चढणाऱ्या मराठी मंडळींना तो खुणावेलच. गाडीने फुइगो खिंडीपर्यंत जाऊन पुढे वीस मिनिटं चढ आहे, पण त्यासाठी सकाळ द्यावी लागते आणि देऊळ दुपारी करावं लागतं. संध्याकाळी ओकायामामार्गे हिमेजीला मुक्काम.

चौथा दिवस: तात्सुनो

सर्वांत मोठी चूक इथे होते. सान्यो मुख्य मार्गावर ‘तात्सुनो’ नावाचं स्टेशन आहे. नकाशात नाव टाकलं की तेच येतं, आणि ते जुन्या गावापासून बरंच दूर आहे. नागानो प्रांतातही याच उच्चाराचं आणखी एक स्टेशन आहे. हवं ते ‘होन-तात्सुनो’: हिमेजीहून किशिन मार्गाने, डिझेलच्या छोट्या गाडीने, वीस-पंचवीस मिनिटं. गाड्या मोजक्या असतात, म्हणून परतीची वेळ उतरतानाच फलाटावरच्या तक्त्यावरून टिपून घ्या.

स्टेशन इबो नदीच्या पूर्वेला, जुनं गाव पश्चिमेला. चालत पंधरा-वीस मिनिटं, मध्ये तात्सुनो पूल. पलीकडे डोंगराखाली दाटलेली घरं, मातीच्या भिंती, काळी कौलं, अरुंद बोळ आणि हवेत सोया सॉसचा खारट-गोड वास. डिसेंबर २०१९ मध्ये हा भाग जतन करायच्या पारंपरिक वस्त्यांत गेला.

इथला सॉस फिका, ‘उसुकुची’. नदीच्या पाण्यात लोह कमी, म्हणून रंग गडद होत नाही. वरून गोड भाताची आमाझाके घालतात. पण फिका म्हणजे कमी खारट नव्हे. मीठ गडद सॉसपेक्षा जास्त असतं, कारण मिठाने आंबणं मंद होतं आणि रंग चढत नाही. बाटली घरी नेऊन नेहमीच्या अंदाजाने ओतणाऱ्याची आमटी खारट होते. जुन्या कारखान्याच्या कचेरीतलं सोया सॉस संग्रहालय बघावं, तिकीट १० येन. मोठी लाकडी पिंपं आणि दाब देणारे सोटे आत आहेत.

दुसरी ओळख ‘इबोनोइतो’ सोमेन, आपल्या शेवयांच्या जातीची. लाल पट्टीची ०.७० ते ०.९० मिलिमीटर जाड, काळ्या पट्टीची त्याहून बारीक. घरी न्यायला उत्तम. दुकानात खाताना शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवावं की सोबतचं पाणीदार कालवण जवळपास नेहमी वाळवलेल्या माशाच्या अर्काचं असतं. वेगळं मागूनही ते टळत नाही, कारण तोच त्याचा पाया आहे.

‘युयाके कोयाके’ म्हणजे सांजेची लाली. हे शब्द जपानी मुलांना पाठ असलेल्या लाल चतुराच्या बालगीतात येतात, आणि त्याचे कवी मिकी रोफू १८८९ मध्ये याच गावात जन्मले. डोंगराच्या कुशीतल्या बागेत त्या गीताचा शिलालेख आहे.

चित्रपटात नगरपालिका सेइकानला मानाने बोलावते. वाटेत भेटलेला तोराही त्या मेजवानीत घुसतो आणि तिथे गेइशा बोतान भेटते. किवाको ताइचीची ही बोतान म्हणजे मालिकेतली सर्वांत मोकळी मादोन्ना: जोरात हसते, पितेही तशीच. त्यांची सरबराई करणारा पालिकेचा तरुण नोकर केला आहे अकिरा तेराओने, जो उनोंचा खरा मुलगा. सेइकान मात्र मेजवानीतून सटकून एका बोळातल्या घरी जातो. तिथे तरुणपणी सोडून दिलेली शिनो राहते. भूमिका योशिको ओकादांची. १९३८ मध्ये सीमा ओलांडून सोव्हिएत संघात गेलेल्या आणि १९७२ मध्ये परतलेल्या या अभिनेत्रीच्या तोंडी यामादांनी पश्चात्तापाबद्दल दोन वाक्यं दिली आहेत: एक पश्चात्ताप न केलेल्या गोष्टीचा, दुसरा केलेल्या गोष्टीचा. ज्या प्रेक्षकाला त्यांचं आयुष्य ठाऊक होतं त्याला ती वाक्यं ऐकवत नाहीत. हे बोळ दुपारी चारनंतर चालावे. ऊन तिरपं होतं आणि मातीच्या भिंतीतला पेंढा दिसू लागतो.

बोतानचे वीस लाख येन एका लबाडाने बुडवले आहेत. तोरा सेइकानकडे जाऊन तिच्यासाठी एक चित्र काढून द्या म्हणून विनवतो. पैशासाठी चित्र काढणार नाही, असं म्हणून सेइकान नकार देतो आणि दोघांत बिनसतं. भर उन्हाळ्यात तोरा पुन्हा तात्सुनोला येतो. बोतान त्याला घरात ओढून नेते आणि भिंतीवरचं चित्र दाखवते: बोतानची, म्हणजे पेओनीची, फुलं. सेइकानने पाठवलेलं. कितीही पैसे आले तरी विकणार नाही, म्हणते. तोरा रस्त्यावर येतो, तोक्यो कुठल्या दिशेला म्हणून विचारतो, आणि तिकडे तोंड करून हात जोडतो. या चित्रपटात तो प्रेमातून पळत नाही, कुणी त्याला नाकारतही नाही. एका माणसाने दुसऱ्यासाठी गुपचूप काहीतरी केलं, त्याला तिसऱ्याने भर रस्त्यात नमस्कार केला, आणि प्रेमकथा तिथेच हसत उभी राहिली. हा सर्वांत चांगला, तो यासाठी.

नेमकं कुठल्या दारासमोर, हे शोधत बसू नका. ती घरं राहती आहेत, फाटकांतून डोकावू नये. परतताना तात्सुनो पुलावर थांबा. नदी दक्षिणेला वाहते, डोंगर आणि गाव पाठीशी पश्चिमेला, समोर स्टेशन. तोक्यो त्या बाजूला.